बायनाबाईचा पटकेपालट

आमचं शिवार काळं आहे, आणि काळ्या रानात वाढलेला माणूस त्या रानासारखाच होतो. ऊन लागलं की भेगाळतो, पाणी लागलं की चिकटतो, आणि त्यात एकदा पाय रुतला की सहजासहजी निघत नाही. आमच्याकडचा तंटाही तसाच. पेरला न पेरला तरी उगवतो आणि एकदा उगवला की तीन पिढ्या खुडत बसावं लागतं. दुसऱ्या मुलखातले लोक तंटे मिटवत असतील. आम्ही ते जोपासतो, आणि याचा मला थोडा अभिमानही आहे.

अशा या शिवारात बायनाबाईनं तंटे मिटवायचं काम घेतलं, आणि तेही फुकट.

बायनाबाई उंच, हाडापेरानं मोठी. आवाज असा की ती वेशीत बोलली तर ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. तिचा नवरा दोन बायका मागं ठेवून वारला. थोरली तानुबाई, धाकटी बायनाबाई. नवरा होता तेव्हा या सवतींचं मांजराकुत्र्यासारखं चालायचं. मग त्यांच्या सासूनं एक दिवस दोघींना उंबऱ्यात बसवलं आणि सांगितलं, "तुझं गाऱ्हाणं तू सांगायचं न्हाई. तिचं तू सांग, तुझं ती सांगंल. ज्या दिवशी ती म्हणंल की हां, माझं दुखणं हेच हाय, त्या दिवशी मी निवाडा करीन."

सासू निवाडा न करताच मेली, कारण ती वेळच आली नाही. दोघींना एकमेकींची गाऱ्हाणी इतकी तोंडपाठ झाली की एकीनं भांडायला तोंड उघडलं की दुसरी तिचं भांडण पुरं करून द्यायची. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, आता घराच्या दोन चुली होतील. चूल एकच राहिली. कुरकुर मात्र दोघींची चालू राहिली, आणि कधी कधी कोण कुणाच्या वतीनं कुरकुरतेय हे शेजाऱ्यालाही कळायचं नाही.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. कचेऱ्यांतले कागद बदलत होते, भाषा बदलत होती, साहेब बदलत होते. कालपर्यंत ज्या दारात सलाम करायचा ते दार आज दुसऱ्याच बाजूला उघडत होतं. तंटा घेऊन परभणीच्या कोर्टात गेलेला माणूस दोन तंटे घेऊन परत यायचा. तेव्हा पेडगावकडचे दिनकरराव म्हणून एक खादीवाले गृहस्थ होते. निजामाच्या विरोधात चळवळ करून, सरहद्दीपलीकडच्या छावणीत राहून आलेले. त्यांनी आसपासच्या गावांचं मिळून एक समेट मंडळ काढलं. मंडळात जो येईल त्याला पगार नाही, भत्ता नाही. भाकरी घरून न्यायची, आणि दोन्ही पक्षांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

"आन मानसं यायलेत या मंडळात?" तानुबाईनं विचारलं होतं.

"यायलेत की. मी चाललेय."

"मंग मानसं न्हाईत म्हण."

बायनाबाई मंडळात गेली आणि सासूची रीत तिनं तिथं आणली. बाया उंबऱ्यात बसतात, पुरुषाला उंबरा नसतो. पुरुषाचा मान डोक्यावर असतो. म्हणून तिनं पटक्याची अट घातली. दोन्ही पक्षांनी डोक्याचा पटका उतरवायचा, समोरच्याचा पटका आपल्या डोक्याला बांधायचा आणि त्याची बाजू त्याच्या तोंडानं मांडायची. ज्याचा पटका तो जोवर "हां, हेच माझं म्हणणं" म्हणत नाही तोवर उठायचं नाही. तोवर ज्याच्या डोक्यावर पटका, त्याचाच शब्द त्या पक्षाचा शब्द धरायचा. दिनकररावांनी ही अट मंडळाच्या नियमांत घातली, कारण त्यांच्याकडं दुसरा नियमच नव्हता.

जिंतूरच्या रस्त्यावरच्या एका गावात लग्नात मानाचा नारळ आधी दुसऱ्याला दिला म्हणून नवऱ्या मुलाचा मामा रुसला होता. तो भाचसुनेला मूल झालं तरी रुसलेलाच. बायनाबाईनं मुलीच्या बापाला मामाचा पटका बांधला आणि म्हणाली, "आता तू रूस." बाप इतका सुरेख रुसला, पोटाशी पाय घेऊन भिंतीकडं तोंड करून असा बसला, की मामालाच त्याची दया आली आणि तो त्याला जेवायला उठवू लागला. ही गोष्ट पूर्णेपर्यंत गेली. बायनाबाईचं नाव झालं.

आणि मग आमच्याच गावात मेंढरांचा तंटा उभा राहिला.

मुंजाजी हा आमच्या गावचा बऱ्यापैकी रानवाला माणूस. त्याच्या रानाला लागून भुजंगाचं रान, पण ते एवढंसं. दोघांच्या मधे एक बांध, आणि त्या बांधावरून ओढ्याच्या डोहाकडं जायची वाट. उन्हाळ्यात सगळं आटलं तरी त्या डोहाला पाणी असतं. मुंजाजी आणि भुजंग यांची सावड होती, म्हणजे एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, दोघं मिळून एक नांगर. आज याच्या रानात, उद्या त्याच्या.

दर उन्हाळ्याला बिरू धनगर आपली मेंढरं घेऊन आमच्याकडं यायचा. मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसली की लेंड्या-मुताचं असं खत होतं की त्याच्यापुढं उकिरडा फिका. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची तो धनगराला ज्वारी देतो. त्या साली मुंजाजीनं बिरूला ज्वारी आधीच दिली, "माझ्या रानात बसव" म्हणाला, आणि बायकोला घेऊन पूर्णेला लेकीकडं गेला. लेकीला मुलगा झाला होता आणि जावई रेल्वेत होता. बारसं झालं, पण मुंजाजी येईना. पूर्णेच्या ठेसनावर चारी दिशांनी गाड्या येतात. मुंजाजी सकाळी शिदोरी घेऊन ठेसनावर जायचा आणि संध्याकाळपर्यंत गाड्या बघत बसायचा. कुठं जायचं नव्हतं, कुणी यायचं नव्हतं. नुसता बघत बसायचा.

इकडं बिरू मेंढरं घेऊन आला. आता धनगर रान कशावरून ओळखतो? तुम्ही म्हणाल बांधावरून. बांध माणसं सरकवतात. धनगर जनावरावरून ओळखतो. मुंजाजीचा पांढरा, एका शिंगाचा बैल बिरूला ठाऊक होता. तो बैल सावडीनं त्या आठवड्यात भुजंगाच्या रानात बांधलेला होता. बिरूनं बैल बघितला, तिथंच वाघर ठोकली, म्हणजे मेंढरांभोवतीचं दोरीचं जाळं उभं केलं, आणि पंधरवडाभर रोज जागा बदलत भुजंगाचं अख्खं रान मेंढरांनी सारवून काढलं.

भुजंग रानातल्या आपल्या घराच्या दारात बसून बघत होता. काही बोलला नाही. एकदा बिरूला ताक नेऊन दिलं.

मुंजाजी परत आला तेव्हा बिरू पुढच्या मुलखाला निघून गेला होता. मुंजाजीचं रान कोरडं ठक्क, आणि बांधापलीकडं लेंड्यांचा सडा. तिथून वर्षभर काय झालं ते सांगायला नको. सावड मोडली. दोघांकडं एकेक बैल उरला, आणि एका बैलाला नांगर ओढवत नाही. ते बैल मात्र सुटले की बांधावर जाऊन एकमेकांजवळ उभे राहायचे, आणि दोघं मालक दोन बाजूंनी त्यांना शिव्या देत घेऊन जायचे. त्या साली भुजंगाची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. मुंजाजीची गुडघ्याला लागली.

"माझं खत मला परत दे," मुंजाजी म्हणाला.

"खताची ज्वारी झाली आन ज्वारी आमी खाल्ली. आता खत कुठं हाय ते तूच दाव, दादा."

"तुझ्या पोटावर हाय! मागल्या साली तुझ्या बरगड्या मोजून घ्याव्यात आशा व्हत्या. आता बघ! ते पोट कुणाचं हाय? अर्धं माझं हाय ते!"

यावर गावात गंभीर चर्चा झाली. काही म्हाताऱ्यांचं मत पडलं की अर्धं जास्त होतं, पण काही हिस्सा निघतो खरा. मग भुजंगानं मुंजाजीच्या रानात राबावं का, आणि राबताना भूक लागली तर भाकरी कुणाची, यावर चर्चा अडली.

चैत्र लागला आणि बिरू पुन्हा आला. सोबत बायको सुगंधाबाई, आणि मेंढरं गाभण. काही तर वाटेतच व्यालेली. कोकरं अंगाखांद्यावर. शिवेवर आल्यावर त्यानं मेंढरं थांबवली, कारण डोहाची वाट बांधावरून आणि बांधाच्या दोन्ही अंगाला दोघं काठ्या घेऊन उभे. मुंजाजी म्हणाला, आधी माझं खत. भुजंग म्हणाला, माझ्या बाजूला एक खूर पडू देणार न्हाई. त्यांची कटकट मिटेपर्यंत मेंढरं शिवारात येणार नाहीत असं गावानंही ठरवून टाकलं. गावाला ठरवायला आवडतं.

सुगंधाबाई लांबच्या एका विहिरीवरून घागरी आणून मेंढरांना पाजायला लागली. घागरीनं मेंढरं पाजणं म्हणजे चमच्यानं नांगरट करणं. कोकरांच्या आयांना दूध येईना. बिरू बायनाबाईच्या दाराशी आला आणि खाली बसला.

"आक्का, तुझ्या त्या मंडळात माझं काय व्हतंय का बघ. म्होरल्या रानात जावं तर तिथं पाणी न्हाई. मागं फिरावं तर तिथलं बी सरलंय. डोहावर नेलं न्हाई तर मेंढरं ऱ्हायची न्हाईत."

"अमुशाच्या आत तुझी मेंढरं डोहावर पितील," बायनाबाई म्हणाली.

आतून तानुबाई म्हणाली, "बोलली! आता अमुशाला ही सवताच घागरी वाहायला लागंल."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत समेट बसला. दिनकरराव पेडगावाहून आले. बायनाबाईनं आपलं गाडगं, आपली भाकरी शेजारी ठेवली आणि दोघांना समोरासमोर बसवलं.

"पटके उतरवा."

मुंजाजीचा पटका लांब, गुलाबी, कडक. भुजंगाचा फिका, मधे एक ठिगळ. दोघांनी नाकं मुरडली, पण बांधले. मुंजाजीनं भुजंगाच्या पटक्याचा वास घेतला आणि म्हणाला, "ह्याच्यात काय शिजवितो का रं?"

"तू भुजंग हायेस आता," बायनाबाई म्हणाली. "भुजंगावानी बोल."

"बरं. मी भुजंग. मी चोर हाय. मी आळशी हाय. दुसऱ्याच्या खतावर—"

"न्हाई!" भुजंग ओरडला.

"तो न्हाई म्हणतोय. पुन्हा."

असं दुपारपर्यंत चाललं, मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या. लोक बघायला यायला लागले, भाकऱ्या घेऊन बसायला लागले. दोघं चुकायचे, एकमेकांना सांगायचे, पुन्हा चुकायचे. भुजंगाला मुंजाजीचं चालणं आधी जमलं, तो मान ताठ करून खाकरायचा. मुंजाजीला भुजंगाचं बसणं जमलं, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. मग कधीतरी चौथ्या बैठकीत मुंजाजी तसा बसला असताना हळूच बोलायला लागला.

"मी दारात बसलो व्हतो. दिवस मावळायलाय. तव्हा मेंढरं आली. माझ्या रानात कधी कुणी मेंढरं बसवली न्हाईत. धनगराला द्यायला ज्वारी आसती तर बसवली आसती. बापाच्या राज्यात बी न्हाई, माझ्या बी न्हाई. आन ती सवताहून आली. मला वाटलं, उठून बोललो तर जातील. म्हणून मी हाललो न्हाई. रातभर मेंढरांचा आवाज ऐकत बसलो."

भुजंग खाली बघत म्हणाला, "हां. हेच."

मग भुजंग मान ताठ करून उभा राहिला. "मी मुंजाजी. मी पूर्णेला गेलो. तिथं गाड्या बघत बसलो. कामून बसलो? घरी आलं की धा जण म्हणतेत, मुंजाजी, हे कर, मुंजाजी, ते दे. गाडी कुणाला काय मागत न्हाई. येती, जाती. मी परत आलो तर माझं रान तसंच. खताचं दुःख न्हाई. पर भुजंग माझा सावडीचा गडी, त्यानं एक चिठ्ठी धाडली न्हाई की दादा, मेंढरं चुकली. एक हाक मारली न्हाई. त्यानं हाक मारली आसती तर मी म्हणलो आसतो, आसू दे, बसली तर बसली."

मुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हां," तो म्हणाला. "आसंच हाय. आसू दे म्हणलो आसतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिनकररावांनी कागद काढला आणि लिहायला सुरुवात केली. बायनाबाईनं आपल्या गाडग्यातलं पाणी प्यायलं. शिवेवर बिरूला कुणीतरी सांगायला पळालं.

"तर भुजंगानं," दिनकरराव म्हणाले, "मुंजाजीला खताच्या बदल्यात ज्वारी द्यावी."

"देणार की," भुजंग म्हणाला. "दुप्पट देणार."

"खबरदार!" मुंजाजी उठला. ठिगळाचा पटका अजून त्याच्या डोक्यावर होता. "त्या बिचाऱ्याच्या घरातली ज्वारी कोण काढतंय ते बघतो मी. बापजन्मात त्याच्या रानाला एकदा खत लागलं, आन तेच्यावर नजर ठिवता?"

"मीच देतोय ना, दादा."

"तू कोण देणारा?"

"मी भुजंग."

"आसशील. पर भुजंगाबद्दल वाईट बोलायचं न्हाई माझ्यासमोर."

"आन मुंजादादानं आपलं नुकसान सोसायचं? त्या मानसानं कुणाकुणाचं सोसलं तुला काय ठाव? गाड्या बघायची पाळी आली त्याच्यावर!"

"मुंजाजीचं काय एवढं कौतुक? लय मोठा हाय तो! त्याला हाक मारायला भ्या वाटतं मानसाला!"

"त्याला नावं ठिवशील तर याद राख!"

दिनकररावांनी लेखणी खाली ठेवली. बायनाबाईनं मधे हात घातला, पटके उतरवा म्हणाली. कुणीही उतरवला नाही. मुंजाजी भुजंगाचा पटका घालून घरी गेला, भुजंग मुंजाजीचा. बायकांनी दारात विचारलं तर दोघांनी सांगितलं, निवाडा व्हायचाय.

निवाडा कसला व्हायचा? त्याच संध्याकाळी भुजंगानं ज्वारीचं पोतं मुंजाजीच्या ओसरीवर टाकलं. सकाळी ते त्याच्या दारात परत आलेलं होतं, वर गुळाची ढेप बांधलेली. भुजंगानं ढेप परत नेली आणि सोबत कोंबडी दिली. मुंजाजीनं कोंबडी परत दिली आणि तिनं रात्री घातलेलं अंडंही प्रामाणिकपणे सोबत दिलं. आधी वर्षभर दोघांत शिव्या होत्या. आता त्यापेक्षा वाईट दिवस आले. दोघंही दुसऱ्याच्या भल्यासाठी दात ओठ खात होते.

"बांधावर लेंडी पडली तर ती भुजंगाच्याच बाजूला पडंल," मुंजाजी शिवेवर काठी घेऊन सांगायचा. "माझ्या रानात यायचं न्हाई. मला पापात पाडायचं न्हाई."

"माझ्या रानात एक लेंडी पडली तर मी दादाचा चोर," भुजंग दुसऱ्या काठावरून सांगायचा. "इकडून यायचं न्हाई. तिकडून जा."

"तिकडून त्यो येऊ देईना," बिरू म्हणायचा.

"कामून देईना? लय चांगला मानूस हाय त्यो!"

डोहाची वाट त्या दोघांच्या मधे, वितभर बांधावरून. मेंढरू बांधावरून सरळ चालत नाही. ते दोन्हीकडं सांडतं. बिरू काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, हे भांडायचे तव्हा बरे व्हते. एकाला दुसऱ्याच्या नावानं चिडवून तरी घुसलो आसतो."

अमावास्या जवळ आली. सुगंधाबाईच्या डोक्याला घागरीच्या चुंबळीनं घट्टे पडले. दोन कोकरं गेली. सुगंधाबाईनं ती शिवेवरच पुरली आणि बायनाबाईकडं बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं बायनाबाईला लागलं. घरी येऊन ती भाकरीसमोर बसून राहिली.

तानुबाई तिच्या वतीनं बोलायला लागली, जशी सासूनं लावलेली सवय होती. "माझं चुकलं. मी दोघांची डोस्की अदलाबदल केली, ती आता आपापल्या धडाला बसंनात. मी शब्द दिला धनगराला आन बसले मालकांचे पटके बांधत. तिसरा हाय का न्हाई ते बघितलं न्हाई."

बायनाबाईनं घास खाली ठेवला. "काय म्हणलीस?"

"मी कुठं म्हणले? तूच म्हणायलीस. मी नुसती बोलले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई शिवेवर गेली. दिनकररावांना बोलावून घेतलं. दोघं मालक आपापल्या काठावर उभे होतेच. लोकही आले, कारण आता पिकं निघाली होती आणि गावाला दुसरं काम नव्हतं.

"समेट अजून उठला न्हाई," बायनाबाई मोठ्यानं म्हणाली. "या तंट्यात पक्ष तीन हायेत. आपण दोघांचंच ऐकलं. आता पुन्हा पालट. मुंजाजी, भुजंग, डोस्की मोकळी करा."

"आन घालायचं काय?"

"बिरूची घोंगडी. दोघांनी एकच घ्यायची, त्याच्याकडं एकच हाय."

"आन आमचे पटके?"

"बिरू बांधंल."

धनगराच्या डोक्यावर मुंजाजीचा गुलाबी पटका! एक म्हातारा काही म्हणायला पुढं झाला. बायनाबाईनं त्याच्याकडं बघितलं, तो मागं झाला. मुंजाजीलाही ते जड गेलं असणार. पण भुजंगाच्या ठिगळाच्या पटक्यात तो इतके दिवस काढून आला होता, त्याला आता पटक्याचं फारसं वाटेना. त्यानं आणि भुजंगानं पटके काढून दिले. बिरूनं आधी भुजंगाचा बांधला, त्यावर मुंजाजीचा. डोकं एवढं मोठं झालं की त्याला मान हळू फिरवावी लागे.

मुंजाजी आणि भुजंग एका घोंगडीखाली शिरले. चैत्राचं ऊन, खाली मेंढरांचा उग्र वास, भोवती तहानेनं ओरडणारी कोकरं.

"आता बिरूवानी बोला," बायनाबाई म्हणाली. "तो हां म्हणंपर्यंत."

मुंजाजी खाकरला. "मी बिरू. मी लय गरीब—"

"न्हाई," बिरू म्हणाला.

"मी बिरू," भुजंग म्हणाला. "मी देवाचा भोळा मानूस—"

"न्हाई."

"मंग काय म्हणतोस तू?" मुंजाजी वैतागला. त्याच्या पायाशी एक मेंढरू त्याचं धोतर चाटत होतं, ओल मिळते का बघत. घोंगडीत दोघांना घाम फुटला होता. "पाणी पाहिजे म्हणतोस का? मेंढरांना पाणी पाहिजे, बस्स!"

"हां," बिरू म्हणाला. "हेच माझं म्हणणं."

"झालं," बायनाबाई म्हणाली. "आता मालकांनी बोलावं. मुंजाजी, तुझं काय म्हणणं?" आणि ती बिरूकडं वळली.

बिरूला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं दोन पटक्यांचं डोकं हळूच वर केलं. "मी मुंजाजी. माझ्या बाजूनं येऊ द्या मेंढरं."

"आन भुजंग?"

"मी भुजंग बी हाय. माझ्या बी बाजूनं येऊ द्या."

"आरं!" घोंगडीतून दोन आवाज एकदम आले.

"धनगरांनी मधे बोलू नये," बायनाबाई म्हणाली. "ज्याच्या डोक्यावर पटका, त्याचा शब्द. मंडळाचा नियम हाय. दिनकरराव, हाय का न्हाई?"

दिनकररावांनी खादीच्या टोपीला हात लावला, जणू तीही कुणी मागतंय की काय. "आहे," ते म्हणाले.

"मंग धनगरांनो, मेंढरं हाका."

मुंजाजी आणि भुजंग घोंगडीतच उठले, कारण दोघांपैकी कुणीही ती आधी सोडायला तयार नव्हता. दोघांनी "हुर्र, हुर्र" केलं. मेंढरांनी ढुंकूनही बघितलं नाही.

"डाव्या अंगानं वळव," मुंजाजी म्हणाला.

"डाव्या अंगाला तूच हायेस, वळव की."

"तुला जनावर कळत न्हाई, भुजंगा. बैल बी तुझा आसाच आडमुठा."

"माझा बैल? दादा, एका शिंगाचा कुणाचा हाय?"

बऱ्याच दिवसांनी दोघं आपापल्या नावानं बोलत होते. गर्दीत कुणीतरी हसलं. तेवढ्यात वारा फिरला आणि ओढ्याकडचा ओलसर वास शिवेपर्यंत आला. पुढच्या मेंढीनं नाक वर केलं. मग कुणी हाकायची गरज राहिली नाही. कळप उठला, बांधावर चढला, दोन्ही अंगांनी सांडत, मुंजाजीच्या रानातून, भुजंगाच्या रानातून, धूळ उडवत डोहाकडं गेला. कोकरं मागून धडपडत गेली. सुगंधाबाईनं घागर तिथंच ठेवली आणि पळाली. मेंढरं डोहात गुडघ्यापर्यंत शिरली आणि इतका वेळ प्यायली की माणसांचं बोलणं थांबलं. नुसता पिण्याचा आवाज. दिनकररावांनी कागद उघडला होता, तोही त्यांनी मिटला.

बिरूनं डोळे पुसले. पटके मात्र डोक्यावर तसेच.

संध्याकाळी मेंढरं भरल्या पोटानं फिरली आणि बसायची वेळ झाली. मुंजाजी घोंगडीतून बाहेर आला होता. त्यानं विचारलं, "आता बसवायची कुठं?"

बिरू वाघर घेऊन रानात गेला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि बरोबर बांधावर पहिली खुंटी ठोकली. जाळं मुंजाजीच्या रानात अर्धं, भुजंगाच्या रानात अर्धं.

"आरं, बांध मोडंल!" मुंजाजी ओरडला.

"आमच्या बापजाद्याचा बांध हाय!" भुजंग ओरडला. दोघं एकाच बाजूनं ओरडत होते, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"इकडचं रान माझं," बिरू म्हणाला, "तिकडचं बी माझं. मधला बांध बी माझाच. मी मेंढरं कुठं बी बसवीन."

मुंजाजी बायनाबाईकडं वळला. "वहिनी, सांग याला पटके उतरवायला!"

"सांगते की," बायनाबाई म्हणाली आणि बांधावर बसली. "आधी खुंट्या ठोकून होऊ दे त्याच्या."